वॉरंटी नाकारलेल्या कॉफी रोस्टरबाबत तक्रार

प्रति,
प्रमुख, ग्राहक सेवा विभाग
(बिलावरील पत्त्यावर)

विषय : घरगुती कॉफी रोस्टरचा जळालेला कंट्रोल बोर्ड वॉरंटीत बदलून देण्यास दिलेला नकार, तसेच मशीनसोबत विकलेला निकामी सर्ज प्रोटेक्टर.

महोदय,

आपल्या सेवा केंद्राने माझी तक्रार एका ओळीत निकाली काढली : "सर्जमुळे बोर्ड जळाला आहे, वॉरंटी लागू होत नाही." हे कारण चुकीचं आहे आणि मला ते मान्य नाही.

मी रावेरला राहते. चिकमगळूरहून कच्चं अरेबिका बी मागवून घरीच भाजते. त्यासाठी आपलं १६०० वॅटचं मशीन घेतलं. वॉरंटी कार्डावर ठळक अक्षरांत अट आहे की कंपनीचा अधिकृत सर्ज प्रोटेक्टर न लावल्यास वॉरंटी रद्द. म्हणून तोही वेगळे पैसे मोजून आपल्याकडूनच घेतला आणि पहिल्या दिवसापासून मशीन त्याच्यावरच चालवलं.

बोर्ड जळाला त्या दिवशी आभाळ निरभ्र होतं, वीज कडाडली नव्हती. आमच्या डीपीवर न्यूट्रलचा, म्हणजे परतीच्या तारेचा, जोड सैल होऊन तुटला होता. न्यूट्रल तुटला की वेगवेगळ्या फेजवरची घरं ४०० व्होल्टच्या दोन टोकांमध्ये एकामागे एक जोडल्यासारखी होतात. ज्या फेजवर भार जास्त तिथे व्होल्टेज पडतं, ज्या फेजवर कमी तिथे चढतं. मे महिना, घरोघरी कूलर चालू, आणि आमच्या फेजवर भार कमी. आमचा पंखा आणि शेजारच्यांचा टीव्ही त्याच वेळी गेला. वायरमनने मेन बंद करून मीटरवर येणारी लाईन तपासली तेव्हा ३१२ व्होल्ट दाखवत होतं.

याला सर्ज म्हणत नाहीत. सर्ज म्हणजे सेकंदाच्या अगदी बारीक अंशात येऊन जाणारा झटका. इथे वाढलेलं व्होल्टेज कित्येक मिनिटं टिकून होतं. आपल्या प्रोटेक्टरमध्ये फक्त व्हॅरिस्टर (व्होल्टेज चढलं की झटका स्वतःवर घेणारे छोटे भाग) आहेत. क्षणिक झटका ते गिळतात, पण टिकून राहिलेलं व्होल्टेज तोडू शकत नाहीत, स्वतःच तापून जळतात. मशीनचा बोर्ड आमच्या मेकॅनिकने माझ्यासमोर उघडला. फ्यूजशेजारची निळी चकती, म्हणजे बोर्डावरचा व्हॅरिस्टर, मधोमध फुटून काळी पडली होती आणि तिच्यावरचा २७५ हा आकडा अजूनही वाचता येत होता. २७५ व्होल्टपर्यंतच्या भागावर ३१२ व्होल्ट चालत राहिले, तर तो टिकणार कसा? प्रोटेक्टरचा हिरवा दिवा मात्र शेवटपर्यंत लागलेला होता.

त्या प्रोटेक्टरबद्दल आणखी दोन गोष्टी, कारण खरा दोष तिथेच आहे. त्याच्या मागे छापलंय ६ अँपिअर. १६०० वॅट म्हणजे २३० व्होल्टवर जवळपास ७ अँपिअर. म्हणजे जो भार त्या प्रोटेक्टरला झेपतच नाही, तो त्याच्यावर टाकायची सक्ती आपणच केलीत. दुसरी गोष्ट अर्थिंगची. मशीनच्या प्लगला दोन गोल पिना आहेत आणि अर्थिंगच्या पट्ट्या प्लगच्या कडेला आहेत. आपल्या प्रोटेक्टरचं सॉकेट सगळ्या पिना घेणारं आहे, पण त्या कडेच्या पट्ट्यांना टेकायला आत काहीच नाही. माझ्या घराचं अर्थिंग व्यवस्थित आहे, तरी मशीनचं लोखंडी अंग त्याला जोडलेलंच नव्हतं. तापलेल्या ड्रमला हात लावून काम करणाऱ्या माणसाच्या जिवाशी हा खेळ आहे, आणि त्याचा मला सगळ्यात जास्त राग आला आहे.

बोर्ड गेला तेव्हा बी तडतडायला लागलं होतं, तापमान २०० अंशांच्या आसपास. ड्रम थांबला, पंखा थांबला, आणि आतलं बी त्याच उष्णतेत जळत राहिलं. कॉफीचा सुटलेला कोंडा किती पटकन पेट घेतो हे आपल्याला सांगायला नको. प्लग काढून, जाड फडकी धरून ड्रम रिकामा केला आणि बी सुपात घेऊन पाखडत गार केलं. घर धुराने भरलं होतं. भाजणी चालू असताना लाईट गेली तर काय करायचं, याबद्दल माहितीपुस्तिकेत एक ओळही नाही. खानदेशात मशीन विकताना लाईट जाणार हे गृहीत धरायला हवं होतं.

आमच्याकडे केळीच्या विहिरीवरच्या मोटारीलाही स्टार्टरमध्ये प्रिव्हेंटर असतो. एक फेज गेला की तो मोटार बंद करतो, शेतकऱ्याला तिथे उभं राहावं लागत नाही. मग एवढ्या महागड्या मशीनसोबत व्होल्टेज मर्यादेबाहेर गेल्यावर लाईन तोडणारा साधा कटऑफ का नाही? आता मी तो मेन बोर्डात बसवून घेतला आहे, २७० च्या वर आणि १८० च्या खाली तो लाईन तोडतो. सोबत झटक्यांसाठी एसपीडी (मेन बोर्डात बसणारं सर्ज रोखणारं उपकरण), आणि मशीनसाठी वेगळं १६ अँपिअरचं सॉकेट. हे सगळं आमच्या गावच्या वायरमनने सुचवलं. खरं तर ते आपल्या पुस्तिकेत छापलेलं असायला हवं होतं.

माझी मागणी अशी : कंट्रोल बोर्ड विनामूल्य बदलून द्यावा, येण्याजाण्याचा खर्च कंपनीने करावा, प्रोटेक्टरची पूर्ण किंमत परत करावी आणि मशीनला अर्थिंगसह भारतीय १६ अँपिअरचा प्लग लावून द्यावा. ज्या ज्या ग्राहकांना हा प्रोटेक्टर विकला आहे, त्यांना तो वापरणं थांबवायला लेखी कळवावं. ही शेवटची मागणी माझ्या बोर्डापेक्षा महत्त्वाची आहे, तिच्यात तडजोड होणार नाही.

१५ दिवसांत लेखी उत्तर न मिळाल्यास मी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर तक्रार नोंदवीन आणि जळगावच्या जिल्हा ग्राहक आयोगात जाईन. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ नुसार ग्राहक राहतो त्या जिल्ह्यात तक्रार दाखल करता येते, त्यामुळे मला आपल्या शहरात यावं लागणार नाही.

आपली,
एक ग्राहक
रावेर, जि. जळगाव

सोबत : दोन्ही बिलं, वॉरंटी कार्डाची प्रत, जळालेल्या बोर्डाचे, प्रोटेक्टरच्या मागच्या लेबलचे आणि प्लगचे फोटो. जळालेला बोर्ड माझ्याकडे जपून ठेवला आहे, नवा बोर्ड मिळेपर्यंत तो परत देणार नाही.