झोपेचं विचारणार नव्हते

सांगली,
रविवार रात्र

चि. सई,

मानसशास्त्राच्या प्रॅक्टिकलला पीएचक्यू-९, ती नैराश्याची प्रश्नावली, भरली आणि मला १४ आले, असं तू हसत हसत सांगितलंस. वर "मी हेच शिकतेय ना, बघते माझं मी" म्हणून फोन बाबांकडे द्यायला लावलास. बाबांना १४ म्हणजे पंचवीसपैकी मार्क वाटले, ते कमी का पडले म्हणून अजून विचारतायत. मी तेव्हा गप्प बसले. आता लिहिते, आणि झोपेचं काही विचारायचं नाही असं ठरवून लिहिते.

आधी त्या १४ चं. नऊ प्रश्न, प्रत्येकी ० ते ३, एकूण २७. ५ पासून सौम्य, १० पासून मध्यम, १५ पासून मध्यम ते तीव्र, २० पासून तीव्र. हे तुला पाठ असेल. पण ती चाळणी आहे, निदान नव्हे. १० च्या वर गेलेल्या माणसाशी जाणत्या कुणीतरी समोर बसून बोलायला हवं, एवढंच ती सांगते. आणि बेरजेपेक्षा गुण कुठे पडले ते बघायचं. झोप, थकवा, भूक, लक्ष न लागणं, या चारांत दोन-दोन पडले तरी ८ होतात. सबमिशनच्या पंधरवड्यात ते कुणालाही पडतील. हिमोग्लोबिन कमी असलं किंवा थायरॉइड बिघडलं तरी पडतील. म्हणून सीबीसी (रक्तपेशींची मोजणी), टीएसएच (थायरॉइडची) आणि बी-१२ (व्हिटॅमिनची) या तीन तपासण्या करून घे. तुझं हिमोग्लोबिन बारावीपासून कधी धड नव्हतंच. पहिले दोन प्रश्न मात्र वेगळे: कशात गोडी न वाटणं आणि उदास वाटणं. निदानासाठी नऊपैकी पाच लक्षणं दोन आठवडे, जवळजवळ रोज, आणि त्यात या दोनांतलं एक असायलाच हवं.

नवव्या प्रश्नाला, म्हणजे मरून जावं किंवा स्वतःला इजा करावी असं वाटतं का या प्रश्नाला, शून्याखेरीज काहीही लिहिलं असशील तर बेरीज बाजूला ठेव आणि मला फोन कर, रात्रीचे दोन वाजले असले तरी. माझ्याशी नको वाटलं तर १४४१६ लाव. टेली-मानस हेल्पलाइन आहे, सरकारी, फुकट, चोवीस तास चालू, मराठीत बोलता येतं.

त्यानंतर तळाला आणखी एक प्रश्न असतो. त्याला गुण नाहीत, म्हणून विद्यार्थी तो मोकळा सोडतात. या सगळ्यामुळे काम, घर, माणसं सांभाळणं किती अवघड झालंय? वॉर्डात फॉर्म हातात आला की मी आधी तेवढाच वाचते. दर आठवड्याला नवा धडा आणि दर आठवड्याला स्वतःत नवा आजार, हे तुमच्या वर्गात चालतं ना, त्याला हाच प्रश्न उतारा आहे. लक्षणांची यादी सगळ्यांना थोडीथोडी लागू पडते. यादीखाली लिहिलेलं असतं की त्रास लक्षणीय हवा किंवा रोजचं काम अडायला हवं. आणि मुदतही बघायची असते: नैराश्याला दोन आठवडे, सततच्या चिंतेच्या विकाराला सहा महिने. परीक्षेआधी आठ दिवस पोटात गोळा येणं याला विकार म्हणत नाहीत. तो ताण, आणि तो यायलाच हवा.

तिसऱ्या प्रश्नाला किती लिहिलेस? तो झोपेचा आहे. बघ, विचारलंच.

ताणाबद्दल तुम्हाला हान्स सेल्ये शिकवला असेल, १९३६ सालचे त्याचे उंदरांवरचे प्रयोग आणि त्यावरून त्याने मांडलेल्या ताणाच्या तीन अवस्था, इशारा, प्रतिकार, थकून जाणं. पेपरात लिहायला छान. माणसांच्या कामाला मला लझारस आणि फोकमन हे दोन मानसशास्त्रज्ञ जास्त उपयोगी वाटतात. त्यांचं १९८४ चं पुस्तक, तुमच्या लायब्ररीत असणारच. त्यांचं म्हणणं असं की ताण नुसत्या प्रसंगात नसतो. माणूस आधी जोखतो, यात माझं काही बिघडणार आहे का. मग जोखतो, माझ्या हातात काय आहे. या दुसऱ्या जोखण्यावर पुढचं ठरतं. जे हातात आहे तिथे काम करायचं, म्हणजे गाइडला मेल टाकायची, तारीख वाढवून मागायची, दहा पानांतली दोन लिहून मोकळं व्हायचं. जे हातात नाही तिथे मन सांभाळायचं: बोलायचं, चालायला जायचं, थोडं रडायचं. चूक नेमकी उलट होते. जी मेल पाच मिनिटांत गेली असती तिच्याबद्दल मैत्रिणीशी तासभर बोललं जातं, आणि रूममेटचा स्वभाव, जो ब्रह्मदेवालाही बदलता येणार नाही, त्यावर अंथरुणात पडून रात्रभर बेत आखले जातात.

अंथरुणातला तो विचार फसवा असतो. आपण प्रश्न सोडवतोय असं वाटतं. ओळखायची खूण सोपी आहे: अर्ध्या तासानंतर कागदावर उद्याचं एक तरी काम उतरलं का? नसेल तर नुसतं घोळवणं चाललंय. त्यासाठी संध्याकाळी, उजेड असताना, वीस मिनिटं राखून ठेव. वही घे, जे डोक्यात येईल ते लिही, ज्याला उपाय आहे त्याच्यापुढे पुढची पायरी लिही, वही मिट. रात्री तेच आलं की "उद्या सहाला" म्हणायचं. पहिले काही दिवस मन ऐकत नाही, म्हणून मुलं सोडून देतात. दोन आठवडे तरी करून बघ.

मी व्याख्यान द्यायला लागले, माफ कर. तुझ्या मॅडम हे माझ्यापेक्षा चांगलं सांगत असतील. पण मिरजेच्या विसर्जनात, कानाशी बेंजो वाजत असताना बाबांच्या खांद्यावर गाढ झोपणारी पोर माझ्या डोळ्यांपुढे आहे, आणि परवा तुझा "ऑनलाइन" हिरवा ठिपका मी पहाटे सव्वातीनला पाहिला. मी का जागी होते ते विचारू नकोस, नाइट होती.

तर झोपच. उठायची वेळ पक्की कर, रविवारीसुद्धा तीच. झोपायची वेळ आपल्या हातात नसते, उठायची असते. गादीवर लॅपटॉप, मेसचा डबा, फोन, काही नको. वीसेक मिनिटांत झोप लागली नाही तर उठून खुर्चीत बस, मंद दिव्यात काही कंटाळवाणं वाच, डोळे जड झाले की परत जा. घड्याळ बघत बसायचं नाही. दुपारी झोपायचं नाही. कॉफी दोननंतर बंद. तिचा अर्धा अंमल उतरायला साधारण पाच तास लागतात, सातच्या कपातला निम्मा बारा वाजता रक्तात असतो. पहिल्या आठवड्यात जास्तच थकल्यासारखं होईल. तिथेच लोक घसरतात, रविवारी बारापर्यंत झोपतात आणि सगळं पुन्हा पहिल्यापासून. तुमच्या झोपेच्या धड्यात झोपेचे तास मुद्दाम कमी करायची एक पद्धत असेल. ती स्वतःवर करायची नाही. आपल्या घरात नाही.

का ते तुला माहीत आहे. मामाच्या बायपोलरबद्दल, त्या कधी नैराश्य तर कधी अति उत्साहाच्या आजाराबद्दल, आपण कधी नीट बोललो नाही, आजी असताना शक्यच नव्हतं. मागच्या दिवाळीत "वेड लागलं होतं" असं ती म्हणाली तेव्हा तू तिला सगळ्यांदेखत थांबवलंस आणि "आजार होता, आजी" म्हणालीस. मी स्वयंपाकघरात होते. मला इतकं बरं वाटलं होतं, पण बोलले नाही.

म्हणून मी एकच विचारते आहे, फिरून फिरून. झोप येत नाही आणि सकाळी अंग मोडून येतं, की तीन-चार तास झोपूनही ताजंतवानं वाटतं? पहिलं चिंतेत, नैराश्यात नेहमीचं. दुसरं वेगळं. झोपेची गरजच कमी होणं, डोक्यात एकामागून एक बेत, भराभर बोलणं, पैसे हातात न टिकणं, असं सलग चार दिवस चाललं तर वाट बघत बसायचं नाही. आणि ते ज्याला होतं त्याला ते छान वाटतं, त्यामुळे स्वतःचं स्वतःला कळत नाही. तुझ्या त्या "बघते माझं मी"ला मी घाबरते ते यासाठी. फॉर्म भरणारी आणि वाचणारी एकच असली की हे नजरेतून सुटतं.

या आजाराचा आकडा तुला वाचायला मिळेलच, मीच सांगते. सर्वसाधारण लोकांत शंभरात एखाद-दोन. आईवडील किंवा सख्ख्या भावंडाला असेल तर पाच ते दहा. मामा तुझ्यासाठी एक पायरी लांब, म्हणजे आणखी कमी. शंभरातल्या नव्वदाहून जास्त भाच्यांना काही होत नाही. मी हा हिशेब स्वतःलाही सांगते.

कुणाकडे जायचं? ज्या मॅडम तुझे पेपर तपासतात त्यांच्याकडे उपचारासाठी नको, त्याही नाहीच म्हणतील. कॉलेजच्या समुपदेशकांपासून सुरुवात चालेल. क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट म्हणून कुणी बसलं असेल तर आरसीआयची (भारतीय पुनर्वास परिषदेची) नोंदणी विचार, त्यात लाजायचं काही नाही. पण तुझ्या बाबतीत मला मानसोपचारतज्ज्ञ एकदा तरी हवेत, कारण औषधाचा प्रश्न आला तर घरचा इतिहास मोजला जातो. नैराश्याच्या नेहमीच्या गोळीला गुण यायला दोन ते चार आठवडे लागतात, मळमळ मात्र पहिल्याच आठवड्यात होते, म्हणून लोक मधेच टाकतात. ती मनाने बंद करायची नसते. आणि घरात मामासारखा आजार असेल तर नुसती तीच गोळी एखाद्याला उलट्या टोकाला नेऊ शकते. हे डॉक्टरांना न सांगता ती घेणं मला नको आहे. गोळी लागेलच असं मी म्हणत नाही. १४ वर पुष्कळदा नुसत्या बोलण्यानेच भागतं.

हॉस्टेलच्या मुली रात्री तुझ्याकडे मन मोकळं करायला येतात, हे तू अभिमानाने सांगतेस. मलाही अभिमान आहे. अकरानंतर दार लावून घे, एवढंच.

या आठवड्यात वेळ घे आणि मला वार कळव. सोबत येऊ का, तेही सांग. नको म्हणालीस तर येणार नाही. घरात कुणाला काही होतं का असं विचारलं तर सांग: सख्खा मामा, बाविसाव्या वर्षी सुरुवात, आधी आठवडाभर झोप गेली, मग बोलणं वाढलं. लिथियमने चांगला गुण आला, अजून चालू आहे, रक्तातली पातळी, थायरॉइड आणि किडनी वेळच्या वेळी तपासतात, पुढे बँकेतली नोकरी पूर्ण करून निवृत्त झाला. गोळीचं नाव सांगायला विसरू नकोस. जवळच्या नातेवाइकाला कशाने गुण आला हे त्यांना उपयोगी पडतं. मी मामाला विचारलंय. तो म्हणाला, माझा फोन नंबरपण दे डॉक्टरांना.

तुझी,
आई