अप्पा नको म्हणालेच नव्हते

सांगली, १२ जुलै

प्रिय शैले,

दिवाळीनंतर एक ओळ लिहिली नाही. शिव्या मनातल्या मनात घाल आणि पुढं वाच. हे फोनवर जमलं नसतं, तू मध्येच हसली असतीस. तब्येती ठीक. माझी शुगर आहे तिथंच आहे.

परवा संध्याकाळी अप्पा झोपाळ्यावर सुपारी कातरत बसले होते. गार्गीच्या एम.ए.वरून घरात आठवडाभर तोंडं वाजतायत. अर्थशास्त्र ठरलंय, पण करायचं कुठं? कोल्हापूरला विद्यापीठाच्या विभागात की इथंच कॉलेजात? मी कोल्हापूर म्हणते. ती म्हणते, "सिलॅबस तोच, पेपर तोच, सर्टिफिकेटवर शिवाजी विद्यापीठच. मग पन्नास किलोमीटर कशाला?" शैले, १९९३ साली राजवाडा चौकात मी तुला हेच ऐकवलं होतं की नाही? शब्द न् शब्द!

मग तिनं विचारलं, "तू का नाही गेलीस?" माझं पाठ झालेलं उत्तर तयार होतं, अप्पा नको म्हणाले. अडकित्ता थांबला.

"मी? मी तर हॉस्टेलचे पैसे काढून ठेवले होते."

आणि परत कातरायला लागले.

तीस वर्षं तू त्या माणसाशी धड बोलली नाहीस. माझ्या लग्नातसुद्धा त्यांना नमस्कार न करता जेवून गेलीस (मठ्ठा मात्र दोनदा घेतलास, मी बघितलंय). आणि मी तुला ते करू दिलं. खरं कारण संख्याशास्त्र होतं गं. तिथं हुशार पोरी असणार, फळ्यापाशी बोलावणार आणि सहसंबंध गुणांक काढताना माझा हात कापणार. इथं दोन सर मिळून सगळे पेपर उरकायचे. ते नोट्स सांगायचे, आम्ही उतरवायचो. वैकल्पिक विषय म्हणजे सरांना येतो तो. फर्स्ट क्लास मिळाला, नाही असं नाही. तू कोल्हापुरातून, विद्यापीठाच्या खर्डेकर ग्रंथालयातून, तिथल्या मोरांबद्दल पत्रं लिहायचीस आणि मी जळून उत्तर द्यायची नाही. ती पत्रं पोस्टात हरवली नव्हती, तेही आज सांगून टाकते.

गार्गीचं म्हणणं अगदीच पोकळ नाही. तिला हळदीच्या सौद्यांवर प्रोजेक्ट करायचाय. "मार्केट यार्ड इथं, हळद इथं, कोल्हापुरात काय बघू?" यावर मी गप्प. पण दहा वर्षांचे भाव वहीत उतरवले, तर पुढं त्यांचं करायचं काय, हे शिकवणारं कुणीतरी पाहिजे की नको? बरं, बायकांना एस.टी.त अर्धं तिकीट आहे, रोज येऊन-जाऊनही जमेल. ती हे विचार करून बोलतेय की माझ्यासारखी घाबरून, तेवढं मला ओळखू येत नाही. मीच शिकवलेलं खोटं, आणि मलाच कळेना! तुला तेव्हा माझं कळलं होतं का? खरं सांग.

साताऱ्यालाच पाठव म्हणशील. तुमच्याकडं तीन कॉलेजांचं मिळून कर्मवीर भाऊराव पाटील विद्यापीठ झालंय, त्यात एक धनंजयराव गाडगीळांच्या नावाचं. गोखले इन्स्टिट्यूटच्या पहिल्या संचालकांचं नाव म्हटल्यावर अर्थशास्त्राला शकुन चांगला. पण तुझ्या घरी राहिली तर पोरगी महिन्यात तुझ्यासारखं भांडायला शिकेल.

तुझा गुडघा कसा आहे? सूनबाई रुळल्या का? सविस्तर लिही, मी या वेळी नुसतं विचारायचं म्हणून विचारलेलं नाही.

शनिवारी गार्गीला कोल्हापूरला नेतेय, नुसतं ग्रंथालय दाखवायला. फॉर्मची गोष्ट काढणार नाही, असं कबूल केलंय. तू साताऱ्याहून थेट तिथंच ये. रविवारी मग इकडं. तुला येताना भडंग आणायला सांगू का, असं अप्पा विचारत होते. सांगलीत राहून! त्यांना दुसरंच काहीतरी विचारायचं होतं, हे तुला कळेल.

तुझीच,
मंदा