देवाच्या नावाने मत नको

महोदय,
निवडणूक लागली की पंचवटीत देवदर्शनाला उमेदवारांची रीघ लागते. दर्शन जरूर घ्यावे, श्रद्धा ज्याची त्याची. पण पायरी उतरताच त्याच देवाच्या नावाने मत मागितले की मन विटते. लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम १२३(३) प्रमाणे तो भ्रष्ट आचार आहे; २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या सात न्यायमूर्तींच्या घटनापीठाने उमेदवाराच्याच नव्हे, तर मतदाराच्या धर्माच्या नावाने मत मागणेही त्याच कक्षेत आणले. काळारामाच्या दर्शनासाठी १९३० साली बाबासाहेबांच्या नेतृत्वाखाली सत्याग्रह झाला, तेव्हा अस्पृश्यांना दार उघडले नाही. तिथे हात जोडणाऱ्याने एवढे तरी आठवावे! गोदावरीत मिसळणारे सांडपाणी कधी थांबणार, हे आम्हाला प्रचारसभेत ऐकायचे आहे.

– एक मतदार, पंचवटी, नाशिक