अंगणातल्या ज्वालामुखीसाठी मनापासून आभार

रविवारी रत्नागिरीत लेकीचा आठवा वाढदिवस झाला. तिला विज्ञानाचाच हवा होता, आणि हातात होते जेमतेम ७०० रुपये.

घमेलंभर जांभ्याची माती आणून देणारे शेजारचे काका, तुमच्या ज्वालामुखीतून सोडा-व्हिनेगर फसफसलं तेव्हा पोरं किंचाळत मागे सरली! इथला जांभा जुन्या लाव्हाचाच खडक कुजून झालाय, हे मलाही तुमच्याकडूनच कळलं.

कॉलेजच्या त्या दोघी मुली, तुम्ही जास्वंदीच्या पाण्यात लिंबू पिळलंत, पाणी लालभडक. सोडा टाकलात, हिरवं. लेकीने तो हिरवा पेला रात्री उशाशी ठेवला होता.

केकऐवजी फणसाची सांदणं पाठवणाऱ्या वहिनी, बाटल्या धुऊन देणारे दुकानदार दादा, तुमचेही खूप खूप आभार.