तागातल्या पतंगाची ओळख पटवून दिल्याबद्दल

आदरणीय मॅडम,

सादर नमस्कार.

गेल्या पावसाळ्याच्या अखेरीस बियाण्यासाठी राखलेल्या तागात भर दुपारी पाऊल टाकले, की पांढरीशुभ्र, लाल-काळ्या ठिपक्यांची ‘फुलपाखरे’ उडत आणि चार-पाच हातांवर जाऊन पुन्हा दडत. त्यांची छायाचित्रे आपल्याला पाठवली तेव्हा नुसते नाव कळले असते तरी माझे समाधान झाले असते. आपण मात्र मला भिंग घेऊन शेतात परत पाठवलेत. फुलपाखराच्या मिशांच्या टोकाला गाठ असते, याच्या मिशा शेवटपर्यंत दोऱ्यासारख्या निमुळत्या होत्या, आणि बसताना पंख अंगाभोवती लपेटून घेतल्यामुळे तो काडीला चिकटलेल्या बारीक सुरळीसारखा दिसत होता. पतंग दिवसाही उडतात, हे मला तेव्हा पहिल्यांदा समजले.

ही प्रजाती, म्हणजे जवळच्या जातींचा गट, ‘युटेथिसा’ असल्याचे आपण निःशंकपणे सांगितलेत. पण पुल्केला, लोट्रिक्स यांसारख्या तिच्या जाती एकमेकींशी इतक्या मिळत्याजुळत्या असतात, की केवळ छायाचित्रावरून पुढचे नाव ठोकून देणार नाही, हेही तितक्याच स्पष्टपणे लिहिलेत. आपल्या या काटेकोरपणाविषयी मला विशेष आदर वाटतो.

ताग आणि बांधावरचा खुळखुळा ही दोन्ही ‘क्रोटालारिया’ या एकाच वनस्पती-प्रजातीतली, आणि त्यांच्यातली पायरोलिझिडीन अल्कलॉइड ही विषारी द्रव्ये अळी खाता खाता अंगात साठवते, ती पतंगातही उतरतात आणि त्याचे भडक रंग भक्षकाला आधीच सावध करतात, हे वाचून मी थक्क झालो. कॉर्नेल विद्यापीठातील थॉमस आयस्नर व त्यांच्या सहकाऱ्यांनी याच्या अमेरिकी भाऊबंदावर केलेले काम आपण समजावून सांगितलेत: जाळ्यात अडकलेल्या पतंगाला कोळी स्वतःच धागे कापून सोडून देतो, आणि नर मीलनाच्या वेळी मादीला हे विष देतो, जे पुढे अंड्यांचे रक्षण करते.

काळ्या अंगावर पांढऱ्या रेषा आणि नारिंगी पट्टे असलेली जी केसाळ अळी माझ्या शेंगा पोखरत होती, ती याच पतंगाची निघाली. फवारणीचे औषध मी आणून ठेवले होते. आपण आधी झाडे मोजून पाहायला सांगितलेत. लागण थोडक्याच झाडांवर असल्याने अळ्या हाताने वेचून काम भागले. बांधावरचा खुळखुळा मी उपटलेला नाही. तिथे ते पतंग अजून उडतात आणि मी भिंग खिशात ठेवूनच शेतात जातो.

आपला कृतज्ञ,
ताग पिकवणारा एक शेतकरी