स्वीडनमधली वाफ आणि डिझेल

रविवारच्या अंकातील रेल्वेच्या वाफेच्या इंजिनांवरचा लेख आवडला. मात्र सगळीकडे डिझेलनेच वाफेला हटवले, हे त्यातले म्हणणे स्वीडनला तितकेसे लागू नाही. तिथे मुख्य मार्गांवर वीज आधीच आली होती; स्टॉकहोम-गोथेनबर्ग मार्ग 1926 मध्येच विजेवर गेला. डिझेलच्या वाट्याला आले ते फाटे. त्यातही प्रवाशांची वाहतूक बरीचशी इंजिनांनी नव्हे, तर स्वीडनमधल्याच उमेओ शहराच्या हिल्डिंग कार्लसन यांच्या कारखान्यातल्या हलक्या रेल-बसनी घेतली. मालगाड्यांसाठी 1955 पासून जर्मनीतल्या कील शहरातून 'टी-21' नावाची डिझेल इंजिने आली. गंमत म्हणजे त्यांची चाके वाफेच्या इंजिनासारखीच दांड्यांनी जोडलेली! पण काही तास आधी येऊन भट्टी पेटवायची गरज नाही, भट्टीत कोळसा टाकणारा फायरमन नाही. कोळसा जवळपास सगळा आयात करणाऱ्या देशाला एवढे पुरे होते.

तरीही जुनी इंजिने सगळीच भंगारात गेली नाहीत. युद्ध झाले, तेल बंद झाले, वीज गेली तर? म्हणून शीतयुद्धाच्या काळात शेकडो इंजिने ग्रीस फासून शेडमध्ये राखून ठेवली होती. शेवटी लाकडावरही चालतील म्हणून!

— एक वाचक, मिरज