शस्त्रक्रिया मुंबईत, जखम मात्र गावात

मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

दर ऑक्टोबरमध्ये स्तनाच्या कर्करोगाबद्दल जागृतीची शिबिरे होतात, गुलाबी फिती लावून फेऱ्या निघतात आणि गाठ लवकर ओळखा, असे बायकांना सांगितले जाते. ते योग्यच आहे. परंतु स्तन काढून तेथे इम्प्लांट, म्हणजे त्वचेखाली बसवायचा कृत्रिम स्तन, बसवून घेतलेली बाई खानदेशातील आपल्या गावी परतली, की तिची जखम कोणी पाहायची, याचा विचार कोठेच झालेला दिसत नाही.

मी परिचारिका म्हणून निवृत्त झाले आहे. माझ्या नणंदेवर मुंबईतील एका रुग्णालयात ही शस्त्रक्रिया झाली, ती चांगलीच झाली, आणि पाचव्या दिवशी ड्रेनची, म्हणजे जखमेत साचणारे पाणी बाहेर काढणारी, नळी व इंग्रजीतील चार पाने सोबत देऊन तिला रावेर तालुक्यातील घरी पाठवण्यात आले. नळी ठरल्या दिवशी निघाली. चौथ्या आठवड्यात टाक्यांच्या कडेला लाली आली व ती जागा हाताला गरम लागू लागली. पण मे महिना होता, पारा ४५ अंशांच्या घरात, म्हणून तिने ते घामोळे समजून पावडर लावली. मला सांगायला तिने आणखी आठ दिवस घेतले, कारण ‘कर्करोग गेला तेवढे पुरे नव्हते का’ हा टोमणा तिने आधीच एकदा ऐकला होता. गावातील डॉक्टरांच्या गोळ्यांनी ताप उतरला आणि पुन्हा चढला. मुंबईला पोहोचेपर्यंत जखमेतून गढूळ पाणी झिरपत होते. इम्प्लांट काढावे लागले आणि केमोथेरपी लांबली.

गोळ्यांनी असे का होते, हे समजून घेण्याजोगे आहे. इम्प्लांट ही निर्जीव वस्तू, तिला रक्तपुरवठा नाही. त्वचेवरचेच जंतू तिच्यावर चिकटून बुळबुळीत थर धरतात आणि रक्तातून येणारे औषध त्या थराच्या आत पुरेसे पोहोचत नाही. त्यामुळे वरची लक्षणे दबतात व आतला संसर्ग तसाच राहतो. संसर्ग नुसत्या लालीच्या टप्प्यावर असताना योग्य प्रतिजैविके वेळेत, गरजेप्रमाणे शिरेतून, मिळाली तर इम्प्लांट पुष्कळदा वाचते. सूज दिसली म्हणून दवाखान्यात सुई घालून पाणी काढण्याचा मोह मात्र टाळलाच पाहिजे, कारण सुईने इम्प्लांटच फुटू शकते. हे काम सोनोग्राफीत पाहून, जाणकाराने करायचे आहे.

मधुमेह, लठ्ठपणा आणि रेडिएशन यांनी धोका वाढतो, हे डॉक्टर सांगतात. तंबाखूबद्दलही विचारतात, पण मिश्री लावणारी आपल्याकडची बाई स्वतःला तंबाखूची व्यसनी समजत नाही आणि सरळ ‘नाही’ म्हणते. निकोटिनने बारीक रक्तवाहिन्या आकसतात, आणि स्तन काढल्यावर उरलेल्या पातळ त्वचेला नेमका तोच रक्तपुरवठा हवा असतो. तेव्हा प्रश्न मिश्रीचे नाव घेऊनच विचारला जावा. (माझ्या नणंदेलाही तसे कोणी विचारले नव्हते, आणि मीही नाही, याची मला खंत आहे.)

अमेरिकेतील रोगनियंत्रण केंद्राच्या नियमांत स्तनशस्त्रक्रियेनंतरच्या खोल संसर्गावर ९० दिवस नजर ठेवली जाते. आपल्याकडे त्यांतले पंच्याऐंशी दिवस बाई चारशे किलोमीटर दूर, स्वतःच्या अंदाजावर काढते. म्हणून माझी मागणी अशी, की घरी सोडताना रुग्णालयांनी एक पान मराठीत द्यावे, ज्यावर लाली, गरमपणा, वाढती सूज, उकलणारा टाका, गढूळ स्राव आणि १००.४ अंशांवरचा ताप यांपैकी काहीही दिसल्यास त्याच दिवशी कोणत्या क्रमांकावर फोन करायचा, हे स्पष्ट लिहिलेले असेल. गावच्या डॉक्टरांनी गोळी लिहिण्याआधी तो फोन करावा. आणि जळगाव, धुळे व नंदुरबार येथील शासकीय रुग्णालयांत आठवड्यातून एक दिवस महिला डॉक्टरांनी अशा जखमा पाहाव्यात. यासाठी नवी इमारत लागत नाही, पडदा असलेली एक खोली पुरते.

नणंदेला पुन्हा इम्प्लांट बसवण्यापूर्वी काही महिने थांबायला सांगितले आहे. मिश्री तिने सोडली आहे, आणि या वेळी मराठी कागद हाती आल्याशिवाय आम्ही रुग्णालयातून निघणार नाही.

आपली,
एक निवृत्त परिचारिका, भुसावळ